सेल्फ वॉटरिंग कुंड्या, २४ नग : शाळेत वर्षभर वापरून झाल्यावर

या कुंड्या घेण्याआधी त्यांच्याबद्दल जेवढं वाचायला मिळालं, ते सगळं एकट्या राहणाऱ्या किंवा सारख्या प्रवासात असणाऱ्या लोकांनी लिहिलेलं होतं. झाडाला पाणी घालायला घरी कोणी नसतं, ही त्यांची अडचण. आमची गत नेमकी उलटी. आमच्या २४ झाडांना पाणी घालायला ३७ मुलं आहेत, आणि प्रत्येकाला आज आपलाच नंबर आहे असं वाटतं.

मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. पर्यावरण क्लब माझ्याकडे आला तो झाडांच्या प्रेमापोटी नाही. आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि शुक्रवारचा शेवटचा तास वेळापत्रकात माझाच मोकळा दिसला. तेव्हा हे लिहिणारी बाई बागकाम जाणणारी नाही, तिला फक्त मोजायची खोड आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आधी साध्या कुंड्या होत्या. पहिल्याच वर्षी त्यांतली १४ झाडं गेली, आणि एकही तहानेनं गेलं नाही. शाळा सुटताना बाटलीत उरलेलं पाणी जवळच्या कुंडीत ओतायचं, ही आमच्या मुलांची जुनी सवय. पाणी वाया घालवू नका, असं त्यांना आम्हीच शिकवलेलं. म्हणजे वर्गाच्या दाराशी ठेवलेल्या कुंडीत रोज चाळीस बाटल्यांचा तळ रिकामा व्हायचा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून पानं माना टाकतात. मान टाकलेलं पान दिसलं की मुलं काय करतात? धावत जाऊन बाटली भरून आणतात.

म्हणून या कुंड्या. रचना साधी आहे. बाहेरची कुंडी अपारदर्शक, तिच्या तळाशी ७०० मिलिलिटरची टाकी. आत दुसरी कुंडी बसते, तिच्या बुडातून दोन वाती टाकीत सोडलेल्या. कडेला पाणी ओतायचं तोंड, त्यावर छोटं झाकण, आणि शेजारी एक पारदर्शक नळी. नळीत लाल काडी तरंगते आणि टाकीत किती पाणी आहे ते दाखवते. मुलांनी पहिल्याच दिवशी त्या काडीचं नाव ‘थर्मामीटर’ ठेवलं आणि ते कायम झालं. वाती नायलॉनच्या आहेत ही चांगली गोष्ट. सुती वात ओल्यात काही महिन्यांत कुजते. आमच्या ४८ वातींपैकी वर्षभरात एकही बदलावी लागली नाही.

वातीतून पाणी वर चढतं ते केशाकर्षणानं. टिशू पेपरची पट्टी शाईच्या पाण्यात बुडवून टेबलावर ठेवली तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा उठून पुढे आली. शाई चढत जाते आणि एका उंचीला थांबते. का थांबते, यावर तास संपला. विज्ञानाच्या सरांनी नंतर मला स्टाफरूममध्ये विचारलं, “तुम्ही माझा धडा घेतलात का हो?”

आता या कुंडीचा खरा उपयोग. खोक्यावर तो लिहिलेला नाही. थर्मामीटरनं आमची भांडणं मिटवली. पूर्वी “मी घातलं”, “नाही, तू काल घातलंस, आज माझा नंबर”, “बाई, यानं दोनदा घातलं” हे रोजचं होतं. आता काडी वर असेल तर विषय संपला. बाटलीचा तळ ओतायला आलेला मुलगा काडी बघतो आणि बाटली घेऊन बाहेरच्या झाडाकडे जातो. मी तीन वर्षं ओरडून जे झालं नाही ते प्लास्टिकच्या एका लाल काडीनं आठवड्याभरात केलं. पहिल्या दोन महिन्यांत एकही झाड गेलं नाही, आणि मी मुख्याध्यापिकांना तोऱ्यात तसं सांगूनही आले.

सांगायला नको होतं.

काडी वर असली की पाणी घालायचं नाही, हे मुलांना पटलं. पण काडी खाली आली की त्याच मिनिटाला घालायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. किंबहुना शर्यतच लागली. मधल्या सुट्टीत एक पाळी असायची, काडी खालच्या रेघेला टेकलेली कुंडी शोधायची आणि सगळ्यांच्या आधी ती भरायची. भरणाऱ्याच्या नावापुढे वहीत टिकमार्क. ही टिकमार्कची कल्पना माझी, तिचा दोष कुंडीवर ढकलत नाही. परिणाम असा, की टाकी कधी रिकामी राहायचीच नाही, माती कधी थोडीही कोरडी व्हायची नाही. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर, बारीक टायपात, एक ओळ आहे : काडी खालच्या रेघेला आल्यावर दोन ते तीन दिवस थांबून मग पाणी भरावे. हीच ओळ कुंडीवर ठळक अक्षरात छापायला हवी होती. या कुंडीबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. टाकी भरलेली असण्याइतकंच ती मधूनमधून रिकामी असणं गरजेचं आहे, आणि कुंडीची सगळी सजावट, रेघा, बाण, लाल रंग, उलटंच सांगते. रिकामी टाकी म्हणजे संकट, असं.

पहिलं गेलं ते प्रयोगशाळेच्या दाराशी असलेलं स्नेक प्लांट. मुलांनी झाडांना नावं ठेवली आहेत, याचं नाव सरळसोट. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. पानं ताठ, हिरवी, कडा पिवळ्या, जशा असतात तशा. एका शुक्रवारी सहावीतली एक मुलगी पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसत होती. सगळ्यात उंच पान तिनं खालून वर पुसत नेलं आणि ते अलगद तिच्या हातात आलं. ओढलं नव्हतं, तुटल्याचा आवाजही नाही. पानाचं खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि त्याला गटारासारखा वास. ती पान तसंच हातात धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, मी काही नाही केलं.”

आम्ही कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. जमिनीखालचा जाड कंद, ज्यात स्नेक प्लांट आपली शिदोरी साठवतं, तो अर्धा पिठूळ झाला होता. बोटानं दाबला की आत जायचा. मुळांची साल मोज्यासारखी निघून येत होती आणि आत नुसता दोरा राहत होता. निरोगी मूळ कसं असतं ते दाखवायला शेजारच्या स्पायडर प्लांटची कुंडी काढली : पांढरी, फुगीर, मोडली तर कट् आवाज करणारी मुळं. मुलांनी दोन्ही हातांत धरून पाहिली. एकानं वास घेतला आणि पुढचा अर्धा तास तो मित्रांना तोच वास घ्यायला लावत फिरला.

स्नेक प्लांटला हे पाणी मानवत नाही याचं कारण त्याच्या घडणीत आहे. ते कोरड्या मुलखातलं झाड. दिवसा पर्णरंध्रं मिटून ठेवतं आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, म्हणजे उन्हाच्या वेळी पाणी उडून जात नाही. इतकं जपून खर्च करणाऱ्याच्या ताटाखाली कायम भरलेली टाकी ठेवली की दुसरं काय होणार? (याचं शास्त्रीय नावही मधेच बदललं आहे. जुन्या पुस्तकांत सॅन्सेव्हिएरिया, २०१७ पासून ड्रसीना. आमच्याकडे पाट्या लिहिणाऱ्या मुलीनं पाच पाट्या पुन्हा लिहिल्या आणि मला अजून माफ केलेलं नाही.) खोक्यावर मात्र या कुंडीत स्नेक प्लांट लावल्याचाच फोटो आहे.

सरळसोट गेल्यावर टिकमार्क बंद केले आणि वजनकाटा आणला. हा भाग माझ्या आवडीचा, म्हणून जरा रेंगाळते. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. कुंडी सोमवारी तोलली, पुढच्या सोमवारी तोलली, जेवढं वजन कमी झालं तेवढं पाणी झाडानं आणि मातीनं हवेत सोडलं. झाडाचं स्वतःचं वाढलेलं वजन आठवड्यात इतकं थोडं असतं की सहावीच्या हिशेबात ते सोडून देता येतं. आठवीतल्या एकानं ते सोडून द्यायला नकार दिला, त्याचंही बरोबर आहे. मुलांनी आलेखवहीत रेषा काढल्या. सरासरी, चढउतार, रेषेचा उतार, हे सगळं मी आजवर काल्पनिक गाड्यांच्या वेगावर शिकवत आले. इथे रेषा एकाएकी खाली गेली तर मुलं खरोखर उठून बघायला जात.

आकडे असे आले. वाचनालयाच्या खिडकीतल्या मनी प्लांटनं ७०० मिलिलिटरची टाकी ९ दिवसांत संपवली. त्याच आकाराचा, त्याच दिवशी लावलेला, गॅलरीच्या टोकाचा मनी प्लांट : २३ दिवस. ऑफिसातलं स्नेक प्लांट : ४१ दिवस. पीस लिली मात्र आठवडाही पुरवून घेत नाही. एकच कुंडी, एकच टाकी, आणि वेळ चारपट, पाचपट वेगळा. म्हणजे “एकदा भरा, तीन आठवडे निर्धास्त” हे खोक्यावरचं वाक्य एखाद्या झाडाबद्दल खरं असेल. कुठल्या, ते तुम्ही मोजा.

दोन मनी प्लांटमधला फरक उजेडाचा. मुलांना हे पटेना, कारण डोळ्यांना गॅलरी अजिबात अंधारी वाटत नाही. मग मोबाइलवर उजेड मोजायचं अॅप घेतलं. खिडकीच्या कट्ट्यावर सुमारे २,४०० लक्स, तिथून तीन मीटर आत १८०. बाहेर रणरणत्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. आपला डोळा बाहुली लहानमोठी करून आणि सरावून हा फरक लपवतो, झाडाला ती सोय नाही. कमी उजेडात झाड कमी अन्न तयार करतं, कमी पाणी उडवतं, आणि टाकी भरलेलीच राहते. कुंडी काळोखावर उपाय नाही, उलट काळोखात ती जास्त धोक्याची. गॅलरीतल्या चार कुंड्या आम्ही दर पंधरवड्याला खिडकीतल्या चारांशी अदलाबदल करतो. भरलेली कुंडी उचलताना टाकीतलं पाणी हिंदकळून बुटांवर येतं. तळाशी एखादा निचऱ्याचा बूच असता तर बरं झालं असतं, तो नाही.

मग मोठी सुट्टी लागली. पाच आठवडे. खरं तर याच दिवसांसाठी ही कुंडी घ्यावी, असं मला आजही वाटतं, आणि तेवीसपैकी एकवीस झाडं सुट्टीनंतर धडधाकट भेटली. शाळेच्या मामांना आठवड्यातून एकदा चक्कर मारायला सांगितलं होतं, त्यांनी ती इमानेइतबारे मारली. एक सिंगोनियम गेलं, त्याचं कारण पिठ्या ढेकूण ही कीड, कुंडीचा संबंध नाही. पण नेच्याचं जे झालं ते प्रत्येक गिऱ्हाइकानं वाचायला हवं.

नेचा आमच्याकडे एकच, वाचनालयात, मुलांनी ठेवलेलं नाव झिपरी. शाळा उघडली त्या दिवशी त्याची पानं तपकिरी, हात लावला तर चुरा. आणि थर्मामीटर? काडी सगळ्यात वरच्या रेघेला. “बाई, पाणी तर फुल आहे!” हे वाक्य त्या सकाळी मी किमान दहा जणांकडून ऐकलं. मामांनाही विचारलं. ते म्हणाले, तिसऱ्या आठवड्यात काडी तळाला होती, मी लगेच भरली, तेव्हापासून वरच आहे, म्हणजे झाड पाणी पीतच नव्हतं, मला वाटलं त्याला नको असेल.

मी मातीत पेन्सिल खुपसली. बाहेर काढली तर कोरडी ठक्क, टोकाला चिमूटभर भुकटी. बोटभर खाली माती आणि कुंडीच्या भिंतीमध्ये नखभर फट पडलेली. काय झालं ते तेव्हा कळलं. टाकी रिकामी होऊन बरेच दिवस गेले, मातीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पार वाळलं, वाळून आक्रसलं, आणि वातीपासून सुटलं. वातीपासून मातीपर्यंत पाण्याची जी अखंड साखळी असते ती तुटली की खाली समुद्र असला तरी वर थेंब चढत नाही. खाली पाऊण लिटर पाणी आणि वर वाळवंट, मध्ये बोटभर अंतर. अशा वेळी एकदा वरून पाणी घालून माती पुरती भिजवावी लागते, मग साखळी पुन्हा जुळते. आम्ही आतली कुंडी उचलून बादलीत बुडवली. बुडबुडे येत राहिले, येतच राहिले. मुलांनी घड्याळ लावलं होतं : ३८ मिनिटं.

लाल काडी टाकीबद्दल सांगते, झाडाबद्दल नाही. हे माहितीपत्रकात कुठेही नाही. मोठ्या माणसालाही ते सुचत नाही, कारण डोळ्यांसमोर ‘फुल’ दिसत असतं. त्या दिवसापासून आमच्या क्लबात दोन नोंदी होतात. आधी बोट, मग काडी. बोट म्हणजे तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत. नोंदवहीत बोटाचा रकाना आधी आहे आणि तो रिकामा असेल तर काडीचा रकाना भरू देत नाही.

नेच्याची सुकलेली पानं कापून टाकली. मातीलगतचा त्याचा खोडकंद अजून हिरवट होता. त्याला मोठ्या काचेच्या बरणीत, ओलसर मातीत ठेवून झाकण लावलं. ही युक्ती माझी नाही. १८२९मध्ये लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्यांना बघायचा होता पतंग, पण मातीतून नेचा आणि गवत उगवलं. शहराच्या धुरात बाहेर त्यांचे नेचे जगत नव्हते, बाटलीत मजेत जगले, कारण आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत पडायची. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून जहाजांवर रोपं देशोदेशी गेली. ही गोष्ट सांगून झाल्यावर एकानं विचारलं, “मग बाई, ती बाटली म्हणजे पण सेल्फ वॉटरिंगच ना?” होय की. आणि तिला काडी नव्हती. एकोणिसाव्या दिवशी झिपरीच्या कंदातून एक केसाळ गुंडाळी वर आली, शर्टाच्या बटणाएवढी. ती बघायला सातवी ब अख्खी रांगेत आली. बरणी अजून वाचनालयात आहे. नेच्याच्या मूळ कुंडीत आता मनी प्लांट.

खोक्यावर आणखी एक दावा आहे, ‘वर्गातली हवा शुद्ध करा’, आणि त्यासोबत नासाचं नाव. मुलांनी तो भिंतीवरच्या तक्त्यात उतरवायला घेतला होता, म्हणून खोलात जावं लागलं. १९८९मध्ये नासासाठी बिल वोल्व्हर्टन यांनी झाडं बंद पेट्यांत ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे वायू किती कमी होतात ते मोजलं होतं. ते कमी झालेही. पण वर्ग म्हणजे बंद पेटी नव्हे. ड्रेक्सेल विद्यापीठातले ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वेअरिंग यांनी २०१९मध्ये अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला : इमारतीत हवा नुसती ये-जा करते त्यामुळे जेवढी सफाई होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटर जमिनीला १० ते १,००० झाडं लागतील. गणिताच्या बाईला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? आमचा वर्ग ८ बाय ६ मीटर. कमीत कमी ४८० कुंड्या. “मग आम्ही कुठे बसायचं?” “गॅलरीत.” तक्ता फाडला, नवा केला, त्यावर लिहिलं : हवा हवी असेल तर खिडकी उघडा.

बाकीचं भराभर सांगते. चिलटं झाली. सहामाहीच्या पेपरात उत्तरपत्रिकांवर फिरणारी इवली काळी चिलटं, एका मुलानं अपूर्णांकाच्या रेघेवर मारलेलं एक तर मी गुणांसकट तपासलं. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात वाढतात. नियम पाळून पाणी दिलं तर या कुंडीत वरचा थर बराच कोरडा राहतो, आणि त्या बाबतीत ती साध्या कुंडीपेक्षा सरस. आम्ही नियम पाळला नव्हता. दोन-तीन दिवस टाकी रिकामी ठेवायला लागलो आणि पिवळे चिकट कागद खोचले, महिन्याभरात संपली.

मातीवर पांढरी खपली धरते. पाणी खालून वर येतं, वर येऊन उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी पडायला लागली ती बहुधा यामुळेच. दर तीन महिन्यांनी आतली कुंडी काढून वरून भरपूर पाणी ओतून निथळू द्यायची, आणि ते निथळलेलं पाणी टाकीत परत जाऊ द्यायचं नाही. मुलांना हे काम फार आवडतं कारण ते नळाखाली, बाहेर, तासाच्या वेळात असतं. पारदर्शक नळीत शेवाळ धरतं, बाटली घासायचा बारीक ब्रश आत जातो. दोन कुंड्यांत मुळंच नळीत शिरली आणि काडी अडकून बसली; टिचकी मारून हलली नाही तर काडीवर विश्वास ठेवू नका.

आणि झाकणं. पाणी ओतायच्या तोंडावरचं झाकण सुटं आहे, त्याला दोरी नाही, साखळी नाही. शाळेत सुटं झाकण! २४पैकी १३ पहिल्या महिन्यात गायब झाली. काही नंतर भोवरे म्हणून फिरताना सापडली. उघडं तोंड आणि खाली साठलेलं पाणी म्हणजे डासांना घरपोच पाळणाघर. एका मुलानं टॉर्च मारून आत बघितलं आणि ओरडला, “बाई, यात मासे आहेत!” वळवळ्या होत्या. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि आमच्या टाक्या वीस-वीस दिवस भरलेल्या. त्या दिवशी क्लबचा तास रद्द करून सगळ्या टाक्या उलट्या केल्या. बनवणाऱ्यानं शाळेसाठी वेगळं काही करायला नको, झाकणाला बोटभर पट्टी जोडली तरी पुरे.

मुलं लहान असतील तर एक सावधगिरीची गोष्ट. ती कुंडीची नाही, पण कुंड्यांबरोबर रोपांची जी शिफारस येते तिच्यात नसते. मनी प्लांट, पीस लिली, सिंगोनियम यांच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडात आग होते, सूज येते. छाटणी झाली की हात धुवायचे, त्याच हातानं डोळे चोळायचे नाहीत. पहिलीच्या वर्गाबाहेर आम्ही फक्त स्पायडर प्लांट ठेवतो.

घ्यावी का? पीस लिली, मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट यांच्यासाठी, खिडकीपाशी, हो. स्नेक प्लांटसाठी अजिबात नाही. उरलेली चारही आम्ही पुन्हा साध्या कुंड्यांत हलवली आणि तिथे ‘बाटली ओतू नये’ अशी पाटी लावली. ज्या क्लबात चार-पाचच मुलं आहेत आणि ती नीट बघणारी आहेत, तिथे साधी कुंडी आणि बोट पुरतं. आमच्यासारखी ३७ असतील तर काडी हवी, आणि काडीवर लाल रंगानं ‘थांबा, दोन दिवस’ असं स्वतः लिहायला हवं. आम्ही नेलपॉलिशनं लिहिलं आहे, पाण्यानं जात नाही. रोप लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वरूनच पाणी द्या, मुळं खाली पोचेपर्यंत वातीच्या भरवशावर सोडू नका. हेही पत्रकात आहे, पण ते आम्ही वाचलं नव्हतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण झाकणाचा कापला, एक गुण त्या बारीक टायपातल्या ओळीचा.

झाकणांबद्दल कंपनीला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं, झाकणं आली नाहीत. आठवीतल्या एकीनं घरून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीचं बूच आणून लावून बघितलं. चपखल बसतं. सध्या आमच्याकडे अशी नऊ बुचं आहेत, अजून चार हवी आहेत, आणि खोकला झालेल्या मुलांकडे क्लबचं बारीक लक्ष आहे.